आधी साखर

माणसाने अजून नांगर धरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका तुरीची पानं उपासमारीने पिवळी पडली होती. तिच्या मुळाशी एक जिवाणू आला आणि म्हणाला, "मावशी, दार उघड. हवेतून अन्न काढायची विद्या आहे माझ्याकडे."

"आधी तुझ्या अंगावरची साखर चाखू दे. चवीवरूनच कळतं, कोण आपला नि कोण परका," तूर म्हणाली.

घाईत निघालेल्या जिवाणूने साखर अंगावर चढवलीच नव्हती. तो चिडला. "जीव जायची वेळ आली, आणि तुला साखर हवी?"

"माझ्या बहिणीने भुकेपोटी एकाला न चाखताच आत घेतलं. ती मुळापासून कुजत गेली. मी उपाशी मरेन, पण चाखल्याशिवाय दार उघडणार नाही."

जिवाणू परत फिरला नाही. तिथेच ठाण मांडून, पोटातलं होतं नव्हतं ते खर्चून त्याने कणाकणाने साखर विणली. तुरीने ती चाखली, ओळखली आणि मुळाचं केसासारखं टोक वाकवून त्याला आत घेतलं. तिथे मुळावर गाठ धरली आणि तिच्यात बसून जिवाणू हवेतून अन्न काढू लागला. पानं हिरवी होऊ लागली.

काही दिवसांनी दाराशी एक अनोळखी आवाज आला, "उघडा लवकर, मदतीला आलोय!"

तूर बोलायच्या आत गाठीतून जिवाणूच कडाडला, "आधी साखर!"