टेकाडावरचे नळ

एका शहराच्या काठावर एक टेकाड होतं, टेकाडावर झोपड्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत झिपरू नावाचा एक भोळा गडी आपल्या मावशीबरोबर राहत होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करी. अडचण तीच होती.

वस्तीत पाणी नव्हतं. खालच्या विहिरीवरून हंडे वाहून वाहून शेवंतामावशीची पाठ वाकली होती. एके दिवशी नगरपालिकेच्या सबनीस मॅडम आल्या. म्हणाल्या, "वस्तीचा नकाशा करायचाय. नकाशात जे घर येईल, त्याच्या दारात नळ येईल."

त्यांना रंगाचा डबा घेऊन फिरणारा माणूस हवा होता. मावशीने झिपरूला पुढे ढकललं. "जा बाबा. आणि आपलं घर तेवढं विसरू नकोस."

"नाही विसरत," झिपरू म्हणाला.

मॅडमनी सांगितलं, "दार दिसलं की त्यावर लाल आकडा घाल. आकडे बघून मी नकाशा काढते."

झिपरू निघाला. पहिल्या झोपडीला दाराऐवजी गोणपाट होतं. सोडली. दुसरीला पत्रा आडवा लावलेला. सोडली. असं करत करत तो टेकाड उतरला आणि भंगारवाल्याकडे पोचला. तिथे जुनी दारं ओळीने उभी होती. डबा तिथेच रिकामा झाला.

ओळीने एवढी दारं मिळाल्याचं ऐकून मॅडमनी विचारलं, "झिपरू, एवढी मोठी चाळ तुला कुठे सापडली?"

"भंगारवाल्याच्या भिंतीला टेकून आहे."

"आणि आत कोण राहतं?"

"दारं उघडून पाहिली, मॅडम. आत लगेच भिंतच आहे. लोकांची फार दाटी होत असणार."

मॅडमनी मोठा श्वास घेतला. "अरे, नुसतं दार म्हणजे घर नव्हे. जिथे चूल पेटते ते घर."

झिपरूने हे नीट लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा वस्तीतल्या बायका कामाला गेल्या होत्या. चुली विझलेल्या. त्याने सगळी वस्ती सोडून दिली. पलीकडच्या मैदानात मात्र लग्न होतं आणि चुली नुसत्या भडकलेल्या. तो बुंदीच्या कढईवर आकडा घालू लागला, तसा आचारी ओरडला, "ए, काय चाललंय?"

"काका, तुमच्याकडे नळ येणार आहे."

"आम्ही पंगती उठल्या की जाणार रे."

"मग जाताना घेऊन जा."

आचाऱ्याने झारा उगारला. झिपरू डब्यासकट पळाला.

मॅडम म्हणाल्या, "चूल राहू दे. माणूस झोपतो ते घर. एवढं तरी कळतं ना?"

एवढं कळत होतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने अख्खी वस्ती पालथी घातली. एक माणूस झोपलेला सापडेल तर शपथ. शोधत शोधत तो शहरात शिरला आणि नगरपालिकेत पोचला. तिथे पाणी खात्याचे साहेब खुर्चीत मान टाकून घोरत होते. बाकावर शिपाई, टेबलावर कारकून. झिपरूला भरून आलं. कुणाची झोप मोडू नये म्हणून त्याने अगदी हलक्या हाताने खोल्याखोल्यांवर आकडे घातले.

साहेब जागे झाले तेव्हा त्यांच्या खोलीची झोपडी झाली होती.

त्यांची समजूत घालून आल्यावर मॅडमनी झिपरूला समोर बसवलं. "आता शेवटचं सांगते. संध्याकाळी, लोक घरी आले की जा. फक्त टेकाडावर. प्रत्येक झोपडीसमोर उभा राहून हाक मार. आतून कुणी ओ दिली की आकडा घाल. ओ नाही दिली तर पुढे हो."

या वेळी मात्र काही म्हणजे काही चुकलं नाही. गोणपाट असो, पत्रा असो, झिपरूने हाक मारली, आतून ओ आली, आकडा पडला. नकाशा झाला. पाइप आले. घरोघर नळ लागले. ज्या दिवशी पाणी सुटलं, त्या दिवशी पोरं नळाखालून हलेनात आणि म्हाताऱ्यासुद्धा एकमेकींवर पाणी उडवत होत्या.

एकाच दारात नळ नव्हता.

"झिपऱ्या," शेवंतामावशी रिकामा हंडा घेऊन म्हणाली, "आपलं घर विसरलास ना?"

"नाही विसरलो. दारात उभं राहून हाक मारली. कुणी ओ दिली नाही."

"मी पाण्याला गेले होते रे. पण तू तर होतास की."

"मी बाहेर होतो, मावशी. बाहेरून कशी ओ देणार?"

मावशीने हंडा खाली ठेवला.

"पण मला तुझी पाठ आठवली," झिपरू म्हणाला. "म्हणून आकडा न घालता तसाच आत जाऊन बसलो. ओ द्यायला. अंधार पडेपर्यंत बसलो. पण बाहेरून कुणी हाकच मारली नाही."