दक्षिणेकडची काच

"...मग एवढ्या उन्हात तुम्ही चाळीस वर्षं काम केलंत तरी कसं, मास्तर?"

"कुठल्या उनात?" भिवाजी मास्तरांनी विचारलं.

मृणालने वर बोट दाखवलं. बुटांच्या कारखान्याचं ते जुनं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं, प्रत्येक दात्याला दक्षिणेकडून काच, आणि काचेतून चैत्रातलं ऊन सरळ डोक्यावर.

मास्तरांनी ऐंशी ओलांडली होती. याच दालनात त्यांनी पलटणीच्या बुटांचं चामडं कापलं होतं. मृणाल देवस्थळी आर्किटेक्ट, जुन्या इमारती वाचवणारी. दोन वर्षं ती मास्तरांच्या ओट्यावर बसून हा कारखाना शिकली. भिंतींची जाडी, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, धुराड्याच्या विटा, सगळं लिहून तीन वह्या भरल्या. हल्ली मास्तरांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं असं तिला वाटू लागलं होतं, आणि ते ती फारसं लपवतही नव्हती.

आज सकाळी मात्र सगळं ओमफस झालं. इमारत ठेवायची की पाडायची हे ठरवणारी समिती आली आणि तासभर या दालनात बसली. दोघांनी डोक्यावर रुमाल टाकले. एकाला घेरी आली. "इथे माणूस बसूच शकत नाही," असं म्हणून अध्यक्षांनी पाडण्याच्या कागदावर सही केली.

मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे गेले होते, ते चार महिन्यांनी कालच परतले होते. मृणाल त्यांना घरून तडक इथे घेऊन आली होती.

"हितं ऊन कधी नव्हतंच," मास्तर म्हणाले.

"काच दक्षिणेला आहे. ऊन येणारच."

"येनारच."

"मग?"

मास्तरांनी काखेतली छत्री उघडली आणि चामडं कापायच्या टेबलावर धरली. स्वतः उन्हातच उभे राहिले.

"मास्तर, टेबल रिकामं आहे. छत्री डोक्यावर घ्या."

"चामडं हितं असायचं. ऊन लागलं की कडक व्हतं, सुरी घसरती." त्यांनी नव्या डोळ्यांनी वर पाहिलं. "काच पांढरी हुती, बाई. त्ये पांढरं कुठं गेलं?"



"मी... धुऊन काढलं. माघात. वीस माणसं लावली होती. साठ वर्षांची घाण होती, मास्तर."

"चुना हुता त्यो."

"चुना?"

"चुना नि चिंचोक्याची खळ," मास्तर म्हणाले. "मालकाला काचा रस्त्यावरनं दिसाय पायजे हुत्या. म्हनून बांधनाऱ्या सायबानं नकाशाच फिरवला, उत्तरंच्या काचा दक्षिनंला आनल्या. पयल्याच उन्हाळ्यात चामडं वाकडं झालं, मान्सं चक्कर येऊन पडाय लागली. मग आमच्या बायका चढल्या. शिमगा झाला की शिड्या बांधून आतनं लेप द्यायच्या. दर सालाला."

मृणालला आपल्या अहवालातलं सत्तेचाळिसावं पान आठवलं. दक्षिणेकडच्या काचेत तिला मालकांची दूरदृष्टी दिसली होती. तसं तिने लिहिलंही होतं, ठळक अक्षरांत. आता तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"सायबानं काय बांधलं, त्ये तुमी इचारलंत. त्येवढं सांगितलं."

तिला रडू आवरेना. साहेबाने कारखाना चुकीचा बांधला होता, बायकांनी तो काम करण्याजोगा केला होता, आणि वाचवायला निघालेल्या तिने तो पुन्हा चुकीचा करून ठेवला होता. तोही पदरमोड करून.

मग तिने डोळे पुसले आणि पिशवीतून कोरी वही काढली.

"पंधरा दिवस आहेत. अपील करता येतं. मी लेप पुन्हा लावून घेते, समितीला पुन्हा इथेच बसवते. सांगा, मास्तर. चुना किती, खळ किती?"

मास्तरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"नुसता चुना फासला तर अंधार होईल," ती म्हणाली. "ऊन अडायचं आणि उजेड मात्र यायचा. हे कसं साधायच्या त्या?"

"त्ये बायकास्नी ठावं."

"मग कुणाकडे जाऊ? नाव सांगा."

"आता कोन न्हाई ऱ्हायलं. शेवटाला आमची मंडळी हुती. तिला जाऊन बारा वरसं झाली."

मृणालची पेन्सिल कोऱ्या पानावर थांबली.

"पण त्या तुमच्या डोक्यावरच तर लावत होत्या. तुम्ही खाली कापत होता. दर वर्षी. पाहिलं तर असेल ना, मास्तर?"

मास्तरांनी छत्री मिटली. टेबलावर ऊन पसरलं. त्यावर त्यांनी मान खाली घालून दोन्ही हात टेकले.

"चामड्यावर चुन्याचा ठिपका पडला," ते म्हणाले, "की आमी वर न बघताच शिव्या घालायचो, बाई."