पळसपरीचा द्रोण

रानाच्या कडेला एक इवलंसं गाव होतं. पळस लालेलाल फुलला की तिथली माणसं पहाटेच मोहफुलं वेचायला निघायची. नऊ वर्षांची मैनी, तिची पाच वर्षांची बहीण सोमी आणि बाबाही निघायचे. आई देवाघरी गेली होती.

सोमी चार फुलं वेचायची आणि खाली बसायची. म्हणायची, "हातपाय ठणकतेत."

"कामचुकार झाली पोरगी," बाबा म्हणायचे. ते वाईट नव्हते, थकलेले होते. पण सोमीचा एवढासा चेहरा आणखी एवढासा व्हायचा.

दोघी बहिणी फिकुटल्या होत्या. शाळेत आलेल्या नर्सबाईंनी मैनीला लोहाच्या गोळ्या दिल्या. आईनं घातलेली रीत होती, मिळेल त्यातलं अर्धं बहिणीचं. मैनीनं तर सगळ्याच गोळ्या सोमीला चारल्या. महिना झाला, तरी सोमीचा ठणका थांबेना आणि इकडे मैनीलाच चक्कर येऊ लागली.

एका सकाळी तिचे पाय लटपटले. पडता पडताही खालचं टपोरं पळसफूल चिरडू नये म्हणून ती बाजूला कलली. त्या फुलातून झुळझुळीत केशरी झग्याची, बोटभर उंचीची परी बाहेर आली.

"माझं घर वाचवलंस. एक इच्छा माग," पळसपरी म्हणाली. "पण दोन अटी. आधी नीट बघायचं, मग मागायचं. आणि जे जन्माबरोबर येतं, ते मला बदलता येत नाही."

तिनं दवाचा एक चमचमता थेंब मैनीपुढे धरला. आत लाल, चिमुकल्या होड्या तरंगत होत्या.

"हे तुझं रक्त. होड्या गोल आहेत, पण लहान नि फिकट. त्यांना लोह हवंय. आणि हे सोमीचं."

सोमीच्या कितीतरी होड्या विळ्यासारख्या वाकल्या होत्या. वळणावर एकीत एक अडकत होत्या.

"अडकल्या की ठणका लागतो. जन्मापासूनच त्या अशा वाकतात. तुझ्या गोळ्यांनी त्या सरळ होत नाहीत गं."

मैनीला रडू फुटलं. "मी तं सोमी बरी व्हावी म्हणून देत होती."

"ठाऊक आहे मला. आता माग."

होड्या सरळ कर, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला अट आठवली. तिनं डोळे पुसले.

"मंग माह्या बाबाले हा थेंब दाखव. सोमीचं दुखणं खरं हाय, हे त्याईले कळू दे."

परी हसली. थेंब अलगद उडाला आणि टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाबांच्या तळहातावर टेकला. बाबा कधी आत अडकणाऱ्या होड्यांकडे, कधी खाली बसलेल्या सोमीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपली तिथंच टाकली आणि सोमीला खांद्यावर घेतलं.

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. म्हणून हे माझ्याकडून." परीनं मैनीच्या हातात पळसपानाचा छोटासा द्रोण ठेवला. "यातलं पाणी कधी आटणार नाही. वाकड्या होड्यांना पाणी भरपूर लागतं. आणि तुझ्या गोळ्या तू खा." एवढं बोलून ती केशरी उजेडात विरघळून गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोमीचं रक्त तपासलं, तिचं वेगळं औषध सुरू केलं आणि तिला थंडीत उघडं न ठेवण्याची ताकीद दिली. ठणका अजूनही अधूनमधून येतो. मैनीच्या गालांवर मात्र लाली चढली आहे.

पुढच्या वर्षी पळस फुलला. चार फुलं वेचून सोमी खाली बसली आणि घाबरून बाबांकडे बघू लागली. बाबांनी टोपली ठेवली, द्रोण तिच्या ओठांशी धरला.

"पी माय," ते म्हणाले. "मी हाय ना वेचाले."