एकशे सत्त्याऐंशी अर्थांची वही

"बाबा, आता पुढचं क्रियापद कोणतं घेऊ?"

लतीफबाबा माठ पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आधीचं संपलं?"

"संपलं. परवाच संपलं. एकशे सत्त्याऐंशी अर्थ निघाले."

"कशाचे?"

"इंग्रजीतल्या 'गेट'चे, बाबा."

"अरे वा," बाबा म्हणाले. "बस."

हेमराज दुसाने बाकावर बसला. बाक एका अंगाला कलंडला. हेमराजही कलंडला, पण छातीशी धरलेली वही त्याने कलंडू दिली नाही.

पितळदऱ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी बाबांचा तकिया होता. एक खोली, एक लिंब, एक बाक, एक माठ. पन्नास वर्षं या फकिराने देशोदेशीच्या माणसांना लेणी दाखवली. शाळेची पायरी कधी चढले नाहीत, तरी आसपासचा एकूण एक गाइड त्यांच्याच हाताखालून गेलेला. परवान्याच्या तोंडी परीक्षेला जायचं तर आधी तकियात यायचं, बाबांच्या हातचं माठातलं पाणी प्यायचं आणि मग जायचं, अशी तिथली रीत.

माठ ज्या लाकडी घडवंचीवर होता, तिचा एक पाय आखूड होता. पाणी काढलं की माठ डुलायचा आणि पिणाऱ्याच्या पायांवर सांडायचं. लोक त्यालाही आशीर्वाद समजत. आपल्या लोकांचं काय, ओलं झालं की पावन झालं!

हेमराज असा दोनदा ओला झाला होता आणि दोनदा नापास.

पहिल्या खेपेला परीक्षकाने सहज विचारलं होतं, "हाउ डिड यू गेट हिअर?" इथवर कसे आलात, एवढंच. बसने आलो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण हेमराज पडला इंग्रजीचा एम.ए. हे 'गेट' पोचण्याचं, की मिळवण्याचं, की जमवण्याचं... या विचारात त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

मग पठ्ठ्याने चंग बांधला. दीड वर्ष कोशांत डोकं घालून बसला. मिळणं, आणणं, होणं, पोचणं, समजणं, चिडवणं, उठणं, निभावणं... एकेका अर्थाला नंबर दिला, लाल शाईने अधोरेखित केला.

दुसऱ्या खेपेला परीक्षक चांगला माणूस होता. म्हणाला, "शॅल वी गेट सम टी?" चहा मागवू या का? हेमराजने त्याला 'गेट'चे प्रकार अकरा मिनिटं समजावून सांगितले. चहा राहिला बाजूला. परवानाही.

आता सोमवारी तिसरी खेप. तिसऱ्यांदा हुकलं की पुढे पाच वर्षं अर्ज घेत नाहीत. घरी पाटी कधीच रंगवून ठेवली होती, 'हेमराज दुसाने, एम.ए., परवानाधारक गाइड'. दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याची बायको रत्नमाला रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणंच हेमराजला फार लागायचं.

"बघू वही," बाबा म्हणाले.

हेमराजचा चेहरा उजळला. त्याने वही दोन्ही हातांनी पुढे केली.

बाबांनी ती उघडली नाही. अंगठ्याने जाडी चाचपली.

"किती पानी?"

"दोनशे पानी, बाबा."

"हं..."

बाबा खाली वाकले. घडवंची एका हाताने उचलली, वही त्या आखूड पायाखाली सरकवली आणि माठावर टिचकी मारली. माठ हलला नाही.

"वाहवा," बाबा म्हणाले. "अगदी नेमकी."

हेमराजने माठाखाली बोट दाखवलं.

"बाबा! अहो, दीड वर्षाची मेहनत आहे ती!"

"म्हणूनच तर जाड झाली."

"सोमवारी परीक्षा आहे माझी!"

"ठाऊक आहे."

"थट्टा करता का माझी?"

"थोडी," बाबा म्हणाले.

हेमराज रडायच्या बेतात होता. रागही आला होता. म्हाताऱ्याला एक ओळ इंग्रजी लिहिता येत नाही, आणि याने माझी वही माठाखाली घालावी? तो उठला. बाक पुन्हा कलंडला.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

आतून एक गोऱ्या बाई उतरल्या. साठी उलटलेली, अंगाने भरपूर, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"पोलंडच्या आहेत," जीपवाला म्हणाला. "विंग्रजीच्या नावानं बोंब. मला काय कळत नाय त्यांचं." एवढं सांगून त्याने सीट मागे टाकली आणि डोळे मिटले.

बाबांनी सावली पाहिली. तीन वाजत आले होते. चौथ्या लेण्यात साडेतीनच्या सुमारास ऊन शिरतं. बुद्धाच्या चेहऱ्यावर वीसेक मिनिटं राहतं, मग निघून जातं.

"हेमराज, बाईंना वर घेऊन जा. उजेड गाठायचाय."

"मी?"

"तूच. पण एक अट. खाली येईस्तोवर तोंडातून एकच शब्द काढायचा."

"कोणता?"

"तुझाच. 'गेट'."

"नुसतं 'गेट'? बाबा, त्याला कर्ता लागतो, कर्म लागतं. व्याकरण म्हणून काही..."

"व्याकरण माठाखाली आहे. जा."

काय करतो बिचारा! गेला.

पहिल्या पायरीशी हेमराज उभा राहिला. घसा खाकरला. आपला हात पुढे केला आणि मरणाच्या शरमेने म्हणाला,

"गेट."

बाईंनी हात धरला.

एवढं सोपं? हेमराजला जरा वाईटच वाटलं. हा अर्थ वहीत कुठे होता, ते त्याने आठवून पाहिलं... तेवढ्यात पुढची पायरी आली. ती तुटकी होती.

"गे... ट," तो हळूच म्हणाला आणि बोट दाखवलं. बाई जपून चढल्या.

पन्नासेक पायऱ्यांवर वानरं बसली होती. त्यांतल्या एका दांडगट हुप्प्याने बाईंची टोपी पळवली.

"गेट! गेट! ए, गेट!" हेमराज हात उगारून धावला. इतका मोठा आवाज त्याने एम.ए.च्या दोन वर्षांत काढला नव्हता. हुप्प्या दचकला, टोपी टाकून झाडावर गेला. हेमराजने टोपी झटकली आणि अदबीने बाईंच्या हातात दिली.

"गेट."

बाई खो खो हसल्या. मग डोळे मिचकावून हुप्प्याला म्हणाल्या, "गेट!"

तो शब्द आता दोघांचा झाला.

पाण्याची बाटली पुढे करून हेमराज विचारी, "गेट?" नको असलं की बाई हात हलवत, "गेट, गेट." हेमराज बोटाने आकाशातला गरुड दाखवी, "गेट!" बाई आपल्या पायातली चप्पल नीट करायला थांबत आणि त्याला खुणेने सांगत, थांब रे बाबा, गेट. मजा चालली होती म्हणा ना!

शंभराव्या पायरीच्या थोडं वर बाई बसल्या.

गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले आणि मान हलवली. आता नाही. पुरे.

हेमराजने वर पाहिलं. ऊन लेण्याच्या तोंडाशी आलं होतं.

माणसाला पटवून एखादी गोष्ट करायला लावणं, तो 'गेट'चा चौऱ्याण्णवावा अर्थ. उदाहरणं बारा. हेमराजला बाराही पाठ होती. त्यांतलं एकही त्याला बोलायची परवानगी नव्हती.

तो बाईंशेजारी पायरीवर बसला.



बाईंचे गुडघे सुजले होते. त्याची आई देवळाच्या पायऱ्यांवर अशीच बसायची आणि तो मात्र "चल ना लवकर" म्हणून पुढे निघून जायचा. ते आता आठवलं. त्याने खिशातून भाजक्या शेंगदाण्यांची पुडी काढली, दोघांच्या मध्ये ठेवली.

"गेट," तो म्हणाला.

दोघांनी शेंगदाणे खाल्ले. टरफलं वाऱ्याने उडाली. ऊन आणखी एक पायरी सरकलं. हेमराजने पाहिलं, पण घाई केली नाही.

पुडी संपली तशी बाईंनी काठी टेकली. हेमराजकडे पाहून भुवया उंचावल्या. बसून काय राहिलास?

"गेट!" त्याच त्याला म्हणाल्या.

आणि निघाल्या.

लेण्यात पोचले तेव्हा ऊन चेहऱ्यावरून उतरून खांद्यावर यायच्या बेतात होतं. दगडाचे मिटलेले डोळे, ओठांच्या कोपऱ्यातलं ते एवढंसं हसू, त्यावर पिवळा उजेड. हेमराजला या मूर्तीची उंची, शतक, दगडाची जात, सगळं तोंडपाठ होतं. सांगायला त्याचं तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं.

त्याने हे लेणं शेकडो वेळा पाहिलं होतं. गप्प राहून आज पहिल्यांदा पाहत होता.

बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. बराच वेळ गेला. ऊन खांद्यावरून खाली उतरलं, मांडीवर आलं, मग जमिनीवर.

"गेट..." बाई पुटपुटल्या.

खाली येईपर्यंत दोघांनी तो शब्द उच्चारला नाही. गरजच पडली नाही.

तकियात बाबांनी बाईंना माठातलं पाणी दिलं. थेंबही सांडला नाही. बाईंनी बाबांना हात जोडले, हेमराजच्या गालावर एक चापट मारली आणि जीपवाल्याला काठीने ढोसून जागं केलं. "गेट!" म्हणाल्या. जीपवाला धडपडून उठला आणि गाडी चालू केली. त्याला बरं कळलं!

धूळ खाली बसली तसा हेमराज बाबांकडे वळला.

"बाबा, वही द्या! एक मिनिट द्या! एकशे अठ्ठ्याऐंशीवा अर्थ सापडला!"

"खरं? कोणता?"

"वर, लेण्यात, बाई म्हणाल्या ना... म्हणजे त्यांना म्हणायचं होतं की..."

हेमराज थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबला.

"तिथं असतात ना, तर कळलं असतं तुम्हाला."

"मी तिथं पन्नास वर्षं होतो," बाबा म्हणाले. "पाणी पी."

हेमराज पाणी प्यायला. पहिल्यांदाच त्याचे पाय कोरडे राहिले.

"बाबा, वही नाही, आशीर्वादाचं पाणीही अंगावर सांडलं नाही. सोमवारी माझं काय होणार?"

बाबांनी लिंबाखालचा पाला गोळा करायला घेतला.

सोमवारी संध्याकाळी हेमराज धावतच तकियात आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. श्वास पुरत नव्हता.

"काय विचारलं?" बाबांनी विचारलं.

"मोठे साहेब म्हणाले, समजा आम्ही परदेशी पाहुणे आहोत, आम्हाला दाखवा तुमची लेणी. ते खुर्चीतून उठताना जरा लंगडले, बाबा. मी काही विचार केला नाही. गेलो आणि हात दिला. म्हटलं, सावकाश या, पुढची पायरी तुटकी आहे."

"तिथं पायरी होती?"

"कुठली पायरी! ऑफिसच ते. पण साहेबांनी खरंच पाय उचलून टाकला." हेमराज हसायला लागला. "मग मी बोलतच सुटलो. चाळीस मिनिटं! वानरं सांगितली, ऊन सांगितलं, बाई सांगितल्या. धाकटे साहेब म्हणाले, आता थांबा, जेवायची वेळ झाली."

"पास?"

"पास! रत्नमालाने पाटी फिरवली. स्वतःच्या हाताने. आणि मग रडली. मीही रडलो, लपवत नाही तुमच्यापासून."

बाबांनी पेढा तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला.

"'गेट' किती वेळा म्हणालास?"

हेमराज दचकला. बोटं पुढे केली, मोजायला लागला, मग हात खाली सोडला.

"मोजायचं राहिलं, बाबा."

"हं..."

लिंबावर कावळ्यांची परतायची गडबड चालली होती. हेमराज बाकावर बसला. बाक कलंडला, तोही कलंडला. माठाखाली वहीची कड दिसत होती. माठ पाझरून पाझरून लाल शाई कडेला उतरली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण उठला नाही.

थोड्या वेळाने त्याचं त्यालाच राहवेना. हाडाचा एम.ए. तो, सवय अशी जाते थोडीच?

"बाबा," तो लाजत लाजत म्हणाला, "मग आता पुढचं क्रियापद कोणतं घेऊ?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो बसला होता त्या बाकाकडे पाहिलं. वाकून बाकाच्या आखूड पायाखाली अंगठा घालून पाहिला.

"कोणतंही घे, बेटा," ते म्हणाले. "वही मात्र दोनशे पानीच आण."