चाकाखालचा भुसा

एकदा एका वृद्ध सुताराच्या शिष्याने लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीकडून लोखंड कापून घेण्याचे मनात आणले. विचार वाईट नव्हता. सागवानी दारे करून घेणारे गावात उरले नव्हते. ज्याला त्याला लोखंडी फाटक हवे होते. वृद्धाने हात थरथरू लागल्यापासून कारखाना शिष्यावर सोपवला होता आणि त्या कारखान्यात करवत बहुतेक दिवस बंदच असे.

अशा वेळी एक व्यापारी आला. गावाबाहेर त्याने नवी वसाहत उभारायला घेतली होती. तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत तुमच्या यंत्राने लोखंड कापून दाखवा, सगळ्या फाटकांचे काम तुमचे. नाही जमले तर तसे सांगा, मला दुसरीकडे विचारता येईल." कारखाना चालणार की त्याला कुलूप लागणार, हे आता त्या एका कापावर ठरणार होते.

गावात वृद्धाला सर्वजण तात्या म्हणत. शिष्याने बारीक दात्यांचे नवे पाते आणून तात्यांपुढे ठेवले. तात्यांनी ते बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "पाते उत्तम आहे. पण पाते बदलल्याने यंत्र बदलत नाही. लाकूड कापताना हे ज्या वेगाने धावते, त्या वेगाने लोखंडावर गेले तर याचे दाते क्षणात भाजून जातील. मोटर आणि पाते फिरवणारे चाक यांच्यामध्ये आणखी एक दांडा बसव, त्यावर लहानमोठ्या पुल्या चढव आणि वेग उतरव."

"उतरवतो."

"दुसरे काम त्याहून महत्त्वाचे. पाते ज्या दोन चाकांवरून फिरते त्यांतल्या खालच्या चाकाचे दार उघड आणि आतला भुसा खरवडून काढ. वर्षानुवर्षांचा भुसा आहे, चिकाने घट्ट बसलेला. लोखंडाची ठिणगी त्यात पडली तर तो लगेच पेटणार नाही, आतल्या आत धुमसत राहील. धुमसणारी आग वेळेवर दिसत नाही."

शिष्याने दांडा फार कौशल्याने बसवला. पुल्यांची ओळ दोरी धरून साधली. दांडा फिरू लागला तेव्हा शेजारचे लोक पाहायला आले आणि वाखाणून गेले. भुसा काढण्याचे काम मात्र अंग आखडून, पालथे पडून करायचे होते आणि ते पाहायला कोणी येणार नव्हते. शिष्याने जमीन झाडली, यंत्र तेलाच्या फडक्याने लख्ख पुसले.

संध्याकाळी तात्यांनी विचारले, "भुसा?"

"झाले, तात्या."

त्या कारखान्यात एक रीत होती आणि ती तात्यांनीच घालून दिली होती. ज्याने काम केले त्याने 'झाले' म्हटले की ते दुसऱ्याने उघडून पाहायचे नाही. उघडून पाहणे म्हणजे त्या माणसाला खोटा म्हणणे. तात्यांनी काहीच पाहिले नाही.

ठरलेल्या दिवशी व्यापारी आला, शेजारीपाजारी जमले. यंत्राला झेंडूची माळ घातली होती, शिष्याच्या गळ्यातही कोणीतरी हार घातला. यंत्राला हळदकुंकू लावण्याचा मान तात्यांचा. वरच्या चाकाला लावून झाल्यावर ते खालच्या दाराशी वाकले आणि तसेच थांबले. दाराच्या स्क्रूंच्या खाचा जुन्या भुशाने काठोकाठ भरलेल्या होत्या. त्या स्क्रूंना कोणाचे हत्यार लागलेलेच नव्हते.

तात्या सरळ झाले. त्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्य त्याच वेळी हाराचा दोरा सारखा करू लागला.

मग तात्यांनी जे केले त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही. त्यांनी मोटरीवरून फिरणारा पट्टा पुलीवरून उतरवला, त्याची घडी केली, ती काखेत धरली आणि एक शब्द न बोलता ते घराकडे चालू लागले.

"तात्यांना झाले तरी काय?"

"व्हायचे काय? चेल्याच्या गळ्यातला हार बघवला नाही."

"दात सगळे पडले, पण मत्सर अजून शाबूत आहे हो."

व्यापारी हसून म्हणाला, "बघा बुवा, पट्टा नेला. आता मोटर न्यायला बैलगाडी घेऊन यायचे."

सगळे हसले आणि त्यांच्याबरोबर शिष्यही हसला.

शेजारच्या पिठाच्या गिरणीतून दुसरा पट्टा आणला गेला. यंत्र सुरू झाले. उतरवलेल्या वेगाने पाते लोखंडात हळूहळू, पण नेटके शिरू लागले. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. "हे कापते आहे की जप करते आहे? अशाने माझी वसाहत नातवंडांच्या काळात उभी राहील."

शिष्याने यंत्र थांबवले, पट्टा अधिक वेगाच्या पुलीवर चढवला आणि पुन्हा सुरू केले. आता ठिणग्यांचा फवारा उडाला. दाते भाजत होते म्हणून तो उडत होता. पण तो दिसायला सुंदर होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुकडा खाली पडला. व्यापाऱ्याने शिष्याच्या पाठीवर थाप मारली, काम दिल्याचे सांगितले आणि सर्वांना जेवायला नेले.

पंगत उठण्यापूर्वीच गिरणीवाला धावत आला. कारखान्याच्या कौलांमधून धूर निघत होता. दार उघडले तेव्हा रचून ठेवलेले सागवान पेटलेले होते. माणूस कोणी दगावला नाही. शिष्याचे दोन्ही हात भाजले. यंत्र, लाकूड, छप्पर यांपैकी काहीच हाती लागले नाही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा निरोप आला की फाटकांचे काम त्याने अन्यत्र दिले आहे.

हातांना फडकी गुंडाळलेला शिष्य तात्यांच्या ओसरीवर येऊन बसला. मग तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होते."

"होते."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर दोन शब्द बोलला असतात तर कारखाना वाचला असता."

"कोणते दोन शब्द?" तात्यांनी विचारले. "भुसा काढलेला नाही, हेच ना? म्हणजे माझा शिष्य खोटे बोलला, असे चारचौघांत सांगायचे. ज्या माणसाने तुझ्या शब्दावर एवढे काम सोपवायचे, त्याच्यासमोरच तुझा शब्द मोडायचा. ते माझ्याने होईना, म्हणून मी पट्टा काढून नेला. वाटले, आजचा समारंभ टळेल. तू चूपचाप भुसा काढशील, मी पट्टा परत आणीन आणि लोक म्हणतील, म्हातारा विक्षिप्त आहे. विक्षिप्त ठरायला माझी तयारी होती. मत्सरी ठरेन असे वाटले नव्हते, पण तेही चालले असते."

तात्या पुढे म्हणाले,

"माझे वागणे त्या साऱ्या लोकांना कोडे वाटले. त्यांचा दोष नाही, त्यांना दारामागचे काय माहीत? एकट्या तुला ते कोडे नव्हते. आणि तू हसलास."

"आळस झाला माझ्याकडून, तात्या."

"आळसाला एवढा मोठा मान देऊ नकोस. आळशी माणूस 'राहिले आहे' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी करतो. तुला करायचे नव्हते, फक्त केलेले दिसायला हवे होते."

नवे काम अंगावर घेताना आपण वरचे पाते हौसेने बदलतो, कारण ते लोकांना दिसते. वेग उतरवण्याचा धीर थोड्यांना असतो, आणि आतले जुने साफ केल्याशिवाय 'केले' म्हणणारे तर घरोघर आहेत.

शिष्याने शेवटी विचारले, "मला पुन्हा हाताशी घ्याल?"

"घेईन. शिकवायचे ते सारे शिकवीन, हात बरे होऊ देत. पण यापुढे तू केलेले प्रत्येक काम मी उठून, उघडून पाहीन. ही शिक्षा आहे असे समजू नकोस. या गुडघ्यांनी उठणे तुझ्यापेक्षा मलाच जड जाणार आहे."

पुढे त्याच ओसरीवर दोघांनी हातकरवतीने पाट आणि चौरंग करायला घेतले. तात्यांनी शिष्याला पुष्कळ शिकवले, काही राखून ठेवले नाही. मात्र प्रत्येक वस्तू पुरी झाली की ते भिंतीला धरून उठत, ती उलटी करत आणि सांधे तपासत. शिष्याचे काम आता निर्दोष असे. तो त्यांना हात देत नसे, कारण त्यांनी तो घेतला नसता. तो बाजूला सरकून वाट देई आणि त्यांचे पाहून होईपर्यंत उभा राही.