टिटवीने पाय खाली घेतले

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि डोंगर माणसांना ओळखत, शाल्मली नावाची राणी होती. राजा सीमेवर गेला होता. मागे राणीला लेक झाली. पहिलीच लेक.

घराण्याची रीत अशी, की बारशाआधी पाळण्याला खजिन्यातली चांदीची घुंगुरमाळ बांधायची, म्हणजे बाळाला दृष्ट लागत नाही. राणीने माळ बांधली. मग वाटलं, एकीने काय होणार? दुसरी बांधली. तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी ती खजिन्याच्या तळाशी गेली आणि काळ्या पेटीला तिने हात घातला.

"राणीसाहेब, ती नको," दाई गिरजाई म्हणाली. "ती पेटी कुणी उघडत नाही."

"आणि बाळाला काही झालं तर, गिरजाई?"

गिरजाईने मुकाट दिवा पुढे धरला.

त्या पेटीतली तिसरी माळ पाळण्याला बांधली आणि ती वाजू लागली. वारा नव्हता, हात लागला नव्हता, तरी वाजू लागली. राज्यात कुणाची गाय हरवली, एक घुंगरू वाजलं. कुणाच्या पोराला ताप भरला, दुसरं वाजलं. कुणाचं छप्पर गळत होतं, कुणाची चूल पेटत नव्हती, कुणाची सासू रुसून माहेरी जाऊन बसली होती. सगळं राणीच्या कानात. माळ सोडायला गेली तर गाठ सुटेना. कापायला गेली तर कात्री मेणासारखी वितळली.

राणीचा डोळा लागेना. आईचा लागेना म्हणून लेकीचाही लागेना. लेक वाळत चालली. बारसं राहून गेलं. बिननावाचं ते पोर टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत राही, रडतसुद्धा नसे.

माळ घडवणारा मांत्रिक वज्रकेतू उत्तरेच्या डोंगरावर राहात होता. राणीने लेकीला झोळीत घालून छातीशी बांधलं आणि ती पायी निघाली. माळ मागे राहिली, पण घुंगरं कानात वाजतच राहिली.

"ये," मांत्रिक म्हणाला. "उशीर केलास."

"महाराज, माळ सोडवा. लेक हातची जाईल."

"ती एका राजाने मागून घेतली होती. म्हणाला, प्रजेचं प्रत्येक दुःख मला त्याच क्षणी कळलं पाहिजे. कळू लागलं. त्यातच तो गेला. घडवली मी, पण सोडवणं माझ्या हाती नाही. ज्याला एकच आवाज ऐकता येईल, त्याच्यापुढे ती मुकी होते. तीन कामं आहेत. सूर्य मावळायच्या आत कर. आज लेकीचे डोळे मिटले नाहीत, तर पुढे कधीच मिटणार नाहीत."

पहिलं काम, झऱ्याचं पाणी ओंजळीतून आणायचं.

राणीने पाणी घेतलं आणि सांडू नये म्हणून बोटं गच्च आवळली. पाणी मनगटावरून वाहून गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा आवळली, पळत सुटली. पुन्हा हात रिकामे. झऱ्याकाठी उघड्या गोट्यांवर एक टिटवी अंडी घालून बसली होती. ती खो खो हसली.

"अगं बाई, पाणी आणतेस की त्याचा गळा दाबतेस?"

राणीला राग आला. पण रागातच तिने हातांकडे पाहिलं, तर बोटं पांढरी पडलेली. तिने खांदे खाली सोडले. बोटं नुसती एकमेकांना टेकवली. जपून, एकेक पाऊल टाकत चालली. पाणी राहिलं.

दुसरं काम, हाकांच्या दरीतून सर्वांत जवळची हाक घेऊन यायची.

दरीत पाऊल टाकताच चारी दिशांनी हाका. राणी, गाय सापडत नाही. राणी, ताप उतरत नाही. राणी डावीकडे धावली, उजवीकडे धावली, प्रत्येक हाकेला "आले, आले" म्हणाली आणि कुठेच पोचली नाही. शेवटी दमून मटकन खाली बसली. तेव्हा तिला गळ्याशी काहीतरी ऊन लागलं. लेकीचा श्वास होता. आत येत होता, बाहेर जात होता. इतका बारीक, की धावताना ऐकूच आला नव्हता. राणीने आपला श्वास त्याच्या मागोमाग सोडला. आत, बाहेर. दरी ओरडतच राहिली.

"कुठली हाक आणलीस?" मांत्रिकाने विचारलं.

राणीने झोळीकडे बोट दाखवलं. त्याने होकारार्थी मान डोलावली.

तिसरं काम सोपं दिसलं. उन्हाने तापलेल्या कातळावर एक मडकं होतं. त्यात कोमट दूध, त्याला विरजण लावलेलं. ते मडकं असं, की दही तासाभरात लागे, पण त्याआधी झाकण उचललं की होतं ते पुन्हा दूध होई. दही लागलेलं मडकं मांत्रिकाला द्यायचं, बस्स.

राणी बसली. उन्हं कलली. लागलं असेल का? थंड तर पडलं नाही? नुसतं बघते, हात लावत नाही, असं म्हणून तिने झाकण उचललं. पांढरं पातळ दूध. पुन्हा झाकलं. पुन्हा बसली. पुन्हा वाटलं, विरजण कमी पडलं असेल तर? पुन्हा उचललं. पुन्हा दूध. सूर्य मावळायला जेमतेम तासभर उरला. राणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आता मात्र मी हसत नाही," टिटवी जवळ येऊन म्हणाली. "माझं ऐक. मी उताणी झोपते, पाय वर करून. ठाऊक आहे ना?"

"आभाळ पडू नये म्हणून."

"हो. अंडी खाली, आभाळ वर, मध्ये मी. एकदा थकले गं. पाय कधी खाली आले कळलंच नाही. जाग आली तर आभाळ जागच्या जागी, आणि अंडी पोटाखाली ऊन."

"पण पडलं असतं तर?"

"तर माझ्या एवढ्याशा पायांनी थांबलं असतं का?"

राणीने झाकणावरचा हात काढून लेकीच्या पाठीवर ठेवला. घुंगरं वाजत होती. वाजू दिली. गायीला उद्या शोधू, छप्पर उद्या शाकारू, तापाला वैद्य धाडू. आत्ता हा एक श्वास. आत, बाहेर. तिचं डोकं दगडाला टेकलं.

राणीला झोप लागली.

जाग आली तेव्हा डोंगरावर मावळतीचा तांबूस उजेड होता, सूर्याची कड अजून बुडायची होती. लेकीचे डोळे मिटलेले. राणीने घाईघाईने बोट तिच्या नाकाशी नेलं. श्वास चालू होता. पोर झोपलं होतं, तोंड उघडं टाकून, गाढ. मांत्रिकाने झाकण काढलं. आत घट्ट दही, वर जाड साय.

तिकडे महालात पाळण्याची तिसरी माळ आपोआप गळून पडली. गिरजाईने ती काळ्या पेटीत टाकली आणि वर स्वतःच बसली.

राणी परतली. गाय शोधायला माणसं गेली, तापाच्या घरी वैद्य गेला, छप्पर शाकारलं गेलं, एकामागून एक. सासूला मात्र सुनेनेच जाऊन आणलं. आणि राज्यात नवी रीत पडली. दुपारी राणीच्या उंबऱ्यावर मडक्याचं झाकण ठेवलेलं असे. ते असेपर्यंत कुणी हाक मारत नसे.

राजा आला, बारसं झालं. बायकांचा गलका, भांड्यांचा खणखणाट, कुणाला कुणाचं ऐकू येईना. राजाची बहीण पाळण्याशी वाकली, बाळाच्या कानात अगदी हळू नाव सांगितलं.

त्या गर्दीत ते राणीला स्वच्छ ऐकू आलं. सौम्या.