शेपटीला जागा नसलेली खुर्ची

एका जंगलात, नाल्याकाठच्या आंब्यावर, एक माकडीण आपल्या लहान लेकीसह राहत असे. तिचे नाव काय, असे विचारू नका मुलांनो. सगळे तिला माकडीणच म्हणत आणि ती ओ देई. हातात मात्र तिच्या अशी कला होती की पळसाची पाने आणि बांबूच्या चोया पुढ्यात ठेवल्या, की बघता बघता पत्रावळ तयार! आमटी वाढा, खीर वाढा, खाली थेंब गळायचा नाही. म्हणून हत्तीकडे बारसे असो की हरणांकडे लग्न, पंगत म्हटली की पत्रावळी तिच्याच हातच्या.

पूर्वी ती हे काम पाणवठ्यावर करी, चारचौघींशी गप्पा मारत. लेक झाली आणि ते जमेना. पाण्याकाठी एवढ्याशा पिलाला सोडायचे कुणाच्या भरवशावर? मग तिने काम घरीच आणले. आंब्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. त्यावर पाने मांडायची, समोरच्या मुळावर बसायचे आणि सकाळपासून ऊन उतरेपर्यंत पाने टोचत राहायचे. ते मूळ म्हणजे नुसती गाठ. थोड्याच दिवसांत माकडिणीची कंबर धरली. संध्याकाळी झाडावर चढताना ती कण्हू लागली, आणि माकडाने झाडावर चढताना कण्हावे, यापरते लाजिरवाणे काय असणार!

त्यातून नेमके याच दिवसांत तिला अंग धड हवे होते. पानगळ झाली की माकडांचा सारा कळप नाल्यापलीकडच्या हिरव्या झाडांवर राहायला जाई. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या फांद्या एकमेकींना टेकत नसत. मध्ये मोठी फट होती आणि ती उडी मारूनच ओलांडावी लागे. मोठ्यांना त्याचे काही वाटत नसे, पण पिलांना ही उडी शिकवावी लागते. लेक आता पोटाशी धरून नेण्याएवढी लहान राहिली नव्हती. तिला उडी जमली नाही तर मायलेकींना अलीकडे, वाळलेल्या झाडांत मागे राहावे लागणार होते. पाला नाही, सोबत नाही आणि आजूबाजूला बिबट्या. माकडिणीला दुसरी काळजी नव्हती, ही एकच होती.

"आधी बसायचं काहीतरी चांगलं बघते," ती लेकीला म्हणाली. "पाठ बरी झाली की लगेच तुझ्या उडीच्या मागे लागू."

तिने शेजाऱ्यांना विचारले. सल्ला मागितला तर शेजारी कधी नाही म्हणत नाहीत, आणि नाही मागितला तरी देतात.

बगळा म्हणाला, "बसायचंच कशाला मुळात? मी दिवसभर उभ्यानेच काम करतो, तेही एका पायावर. सवय करून घे."

माकडिणीने घरी येऊन एका पायावर उभे राहून बघितले. दुसरे पान टोचायच्या आत ती पानांच्या ढिगात पडली.

कासव म्हणाले, "सगळं पाठीवर आहे बघ. पाठीला कडक काहीतरी हवं. माझं वय झालं, पण कंबर दुखली म्हणून कधी ऐकलंस?"

"आजोबा, तुम्हाला कंबर आहे?" लेकीने विचारले.

"मोठ्यांना असं विचारू नये," माकडीण दटावून म्हणाली खरी, पण तिलाही तेच विचारायचे होते.

रानम्हैस म्हणाली, "अगं, चिखलासारखं सुख नाही! मऊ काय, गार काय. मी सकाळी बसते ती दुपारीच उठते." माकडीण तिच्या शेजारी बसलीदेखील. बरे वाटले, नाही असे नाही. पण त्या दिवशीच्या पत्रावळींना चिखल लागला आणि त्या साऱ्या टाकून द्याव्या लागल्या.

शेवटी ती अस्वलाकडे गेली. अस्वलाच्या गुहेत एक खुर्ची होती, त्याने स्वतः केलेली. सागवानी लाकूड, शेवरीच्या कापसाची गादी, दोन्ही बाजूंना हात आणि मागे उंच, सलग फळ्यांची पाठ. अस्वल तीत बसून दिवसभर मध चाटत असे.

"बसून बघ," अस्वल म्हणाले. "एकदा बसलीस की उठावंसं वाटणार नाही."

माकडीण संकोचून खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, क्षणभरच. परक्याच्या घरी आपण किती वेळ बसून राहणार? गादी मऊ लागली, तेवढ्यानेच ती खूश झाली. "दादा, मलाही एक करून द्याल का? तुम्हाला लागतील तेवढे द्रोण देईन." अस्वलाला मधासाठी द्रोण हवेच होते. सौदा ठरला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे म्हणतात. माकडिणीने ऐकलेही जनाचे आणि केलेही जनाचेच.

खुर्ची आंब्याखाली आली तेव्हा अर्धे जंगल बघायला लोटले. "काय थाट आहे!" असे बगळाही म्हणाला. माकडीण सगळ्यांसमोर तीत बसली, मागे रेलली, आणि तिच्या लक्षात आले की शेपटीला जागाच नाही! मागे सलग फळ्या, बाजूंना हात. मुळावर बसताना शेपटी मागे सैल पडून असे, तिची कधी आठवणही होत नसे. आता तिने ती हळूच दुमडली आणि अंगाखाली घेतली. बोचत होते. पण एवढे लोक कौतुक करत असताना खुर्चीला नाव कसे ठेवायचे? ती हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने शेपटी डावीकडून बाहेर काढून बघितली, मग उजवीकडून, मग मांडीवर गोळा करून. कशीही ठेवली तरी अडचणच. पाय जमिनीला पोहोचत नव्हते ते निराळेच. आणि मुलांनो, इथे माकडिणीचे चुकले. तिने मनाशी विचार केला, 'अस्वलाला अशीच खुर्ची सोसते. साऱ्या जंगलाने हिची वाखाणणी केली. म्हणजे खुर्चीत काही खोट नाही. खोट माझ्यातच असणार.'

"मेली ही शेपटीच नको एवढी लांब!" ती लेकीसमोर म्हणाली. "नुसती अडचण!"

एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, मग तिला तसे म्हणायची सवयच लागली. रोज ती शेपटीवर बसे, आणि संध्याकाळी उठे तेव्हा शेपटी अशी बधिर झालेली असे की हातात धरली तरी आपली वाटू नये. पाठही काही बरी झाली नाही. आधी डावीकडे दुखायची, ती आता उजवीकडे दुखू लागली. पण आता तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पानगळ सुरू झाली. आंबा काही पाने गाळत नाही, पण भोवतीची झाडे एकेक करून ओकीबोकी होऊ लागली. कळपातल्या आयांनी पिलांना उडीला लावले. माकडिणीच्या हातात हत्तीकडच्या लग्नाचे काम होते, म्हणून ती खुर्चीतूनच लेकीला शिकवू लागली.

"त्या फांदीवरून ह्या फांदीवर. मार उडी!"

लेकीने उडी मारली आणि ती मधल्या मध्ये पानांच्या ढिगात पडली.

"पुन्हा!"

पुन्हा तेच. हवेत गेली की ती एका अंगाला कलंडायची. असे किती वेळा झाले, कुणी मोजले नाही. शेजारच्या झाडावरची लेकीच्याच वयाची पिले सरसर उड्या मारत होती.

"अगं, शेपटी मागे सोड की! तोल तिनेच सांभाळायचा असतो!" माकडीण ओरडली.

लेक पानांतून उठली, आणि तेव्हा कुठे माकडिणीने तिच्याकडे नीट पाहिले. लेकीने आपली इवलीशी शेपटी कमरेभोवती गुंडाळून घेतली होती आणि वरून वेलीची गाठ मारली होती. गाठ इतकी घट्ट की शेपटीचे टोक सुजले होते.

"हे काय गं?"

"आई, तूच म्हणतेस ना, शेपटीची नुसती अडचण होते म्हणून?" लेक म्हणाली. "मी माझी बांधून टाकली. आता ती वाढणार नाही ना?"

माकडिणीच्या हातातले पान गळून पडले. ती खुर्चीतून खाली उतरली, तिने लेकीला जवळ घेतले आणि दाताने ती गाठ तोडली.

"बघ, शेपटी कशी सोडायची ते मी दाखवते," असे म्हणत ती फांदीवर चढली आणि तिने उडी घेतली. पण सकाळपासून अंगाखाली दबलेली शेपटी हललीच नाही. जंगलातली सर्वांत तरबेज माकडीण आपल्या लेकीसमोर तोंडावर आपटली.

लेक आधी हसली, मग घाबरली. "आई, लागलं?"

"लागलं," माकडीण उठून बसत म्हणाली. "बरं झालं लागलं. ऐक, मी बोलले ते चुकीचं होतं. आपली शेपटी चांगली आहे. जेवढी लांब आहे तेवढीच हवी. चुकली ती खुर्ची."

दोघींनी मिळून खुर्ची ओढत अस्वलाच्या गुहेपाशी नेली.

"खुर्चीत काय वाईट आहे?" अस्वल फुरंगटून म्हणाले. "माझ्या खुर्चीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"तुमच्या खुर्चीला मीही ठेवत नाही दादा. पण ही माझी आहे. हिच्यात शेपटीला जागा नाही."

अस्वलाने मान वळवून स्वतःच्या मागे पाहिले. तिथे एक बोटभर शेपूट होते, केसांत कुठेतरी हरवलेले. अस्वल जरा वरमले. "अगं, माझ्या डोक्यातच आलं नाही ते."

"तुमच्या कुठून येणार? शेपटी माझी, तर ध्यानात मीच ठेवायला हवं होतं. पण मी तर सरळ शेपटीलाच नावं ठेवत बसले."

"वेडी गं वेडी!" अस्वल करवत काढत म्हणाले. "शेपटी कापता येत नाही. लाकूड कापता येतं. पण सांगून ठेवतो, पाठीला भगदाड पडलं की खुर्चीची शोभा जाईल."

"जाऊ दे. मी तिच्याकडे पाठ करूनच बसणार, मला कुठे दिसतंय!"

हे ऐकून अस्वल खदखदून हसले आणि त्याचा रुसवा गेला. त्याने पाठीच्या खालच्या दोन फळ्या काढून टाकल्या. मग म्हणाले, "आता बस. नुसती टेकू नकोस, पानं घे हातात आणि रोज बसतेस तशी बस." माकडीण बसली, पत्रावळी टोचू लागली. अस्वल भोवती फिरून बघत राहिले. तिचे पाय लोंबकळत होते, म्हणून त्याने खुर्चीचे पाय कापून आखूड केले. गादीत ती बुडत होती, म्हणून मूठमूठ कापूस काढला. दोन पत्रावळी झाल्या, चार झाल्या, तरी माकडीण चुळबुळली नाही. शेपटी मागे सैल लोंबत होती, पाय जमिनीला टेकले होते. आपण खुर्चीत बसलो आहोत, हेच ती विसरून गेली.

खुर्ची बघायला या वेळी कुणी आले नाही. बगळा तेवढा जाता जाता म्हणाला, "अरेरे, मोडली वाटतं!" माकडीण कामात होती, तिने मान वर केली नाही.

पण आणखी एक शहाणपण तिला सुचले. खुर्ची कितीही चांगली झाली तरी दिवसभर तीत रुतून बसायचे नाही, असे तिने ठरवले. पत्रावळींची एक चळत झाली की ती उठे, आळस देई, लेकीबरोबर फांदीवर चढे आणि दोघी उड्या मारत. पाठीची कळ हळूहळू गेली. लेकीच्या शेपटीची सूज उतरली. आधी जवळच्या फांद्या, मग लांबच्या, असे करत लेक पडायची कमी झाली.

कळप निघाला त्या सकाळी नाल्यावरच्या फांदीपाशी लेक जरा थबकली. खाली पाहिले तर नाला फार खोल होता. माकडीण आधी पलीकडे गेली आणि वळून नुसती बघत राहिली. सांगायचे ते सारे सांगून झाले होते. लेकीने डोळे पलीकडच्या फांदीवर ठेवले, अंग आवळले आणि झेप घेतली. हवेत ती किंचित कलली, शेपटी दुसऱ्या बाजूला सपकन गेली, अंग सरळ झाले, आणि फांदी तिच्या हातात आली. माकडिणीने तिला असे काही घट्ट धरले की ती म्हणाली, "आई, सोड, पडेन मी!"

अस्वलाने खुर्ची डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून नाला ओलांडला आणि ती एका जांभळीच्या सावलीत नेऊन ठेवली. माकडीण पाने मांडून कामाला बसली. लेक तिच्या मागे बसून खुर्चीच्या भगदाडातून लोंबणाऱ्या शेपटीशी खेळत होती.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाले की मलाही अशीच खुर्ची करून देशील?"

"अशीच नाही," माकडीण म्हणाली. "तू केवढी होतेस ते आधी बघू दे. मग तुझ्या मापाची करू."

तात्पर्य : बसायची जागा आपल्या अंगाला साजेशी निवडावी, जगाने वाखाणलेल्या खुर्चीत मावण्यासाठी स्वतःला दुमडू नये, कारण आपले पाहून लेकरेही तेच शिकतात.